ऑफसाइड म्हणजे कुठली बाजू?

ट्रेलरच्या पोटाखाली मी पाठीवर आडवी पडले होते. डोळ्यांत गंज पडू नये म्हणून गॉगल, डोक्याखाली जुनी उशी, हातात सतराचा पाना आणि ओठांत धरलेले दोन वायसर. बाहेर ड्राइव्हवेवर प्लास्टिकच्या खुर्चीत माझा नवरा सुहास मॅन्युअल वाचत बसला होता.

"पुढे काय?" मी वायसर सांभाळत विचारलं.

"ऑफसाइड मोटरच्या वायर्स ओ-एस लिहिलेल्या टर्मिनलला जोडा. नियरसाइडच्या एन-एसला."

"ऑफसाइड म्हणजे कुठली बाजू?"

मॅन्युअल मांडीवर आपटल्याचा आवाज आला. "विद्या, तीस वर्षं माझ्याशी संसार केलास आणि ऑफसाइड माहीत नाही? डावी!"

"नक्की?"

"अगं, आयुष्य गेलं माझं ऑफसाइडला चौकार मारण्यात."

मी डाव्या मोटरच्या वायर्स ओ-एसला जोडल्या, उजव्या मोटरच्या एन-एसला, आणि स्क्रू घट्ट केले. पुढचं सगळं रामायण या एका शब्दानं घडवलं.

आता मी कोण ते सांगते. मी कमिशनिंग इंजिनिअर. म्हणजे नक्की काय, हे माझ्या आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. प्लँट बांधून होतो, पंप बसतात, मोटर्स बसतात, वायरिंग होतं. मग हे सगळं पहिल्यांदा सुरू करायला कुणीतरी लागतं. ते आम्ही. नागपूरहून शिकून आले आणि ह्यूस्टनच्या आसपासच्या प्लँट्समध्ये सगळी नोकरी हेच केलं. घर शुगर लँडमध्ये, साइट दीड तासावर, आणि उन्हाळ्यात हेल्मेटखाली केसांचं भरीत.

आमच्या धंद्यात एक पहिला नियम असतो. नवी मोटर पंपाला जोडायच्या आधी क्षणभर चालू करून लगेच बंद करायची आणि तिचा दांडा कुठल्या दिशेनं फिरतोय ते डोळ्यांनी बघायचं. याला बम्प टेस्ट म्हणतात. दोन वायर्सची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, आणि उलट्या मोटरला जोडलेल्या पंपाचं वाटोळं होतं. एकदा एक कॉन्ट्रॅक्टर मला म्हणाला होता, "विद्या, दोन सेकंदांची टेस्ट आहे, स्किप कर ना." मी म्हटलं, "दोन सेकंदांचीच आहे, तर मग कर ना." हे वाक्य इतकं गाजलं, की मी रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या केकवर आयसिंगनं लिहिलं होतं, 'बम्प टेस्ट केली का?'

हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

रिटायर होऊन वर्ष होत आलं होतं. बागेतल्या स्प्रिंकलरचा टायमर माझा तीनदा सुधारून झाला होता आणि चौथ्यांदा हात लावशील तर बघ, असं सुहासनं बजावलं होतं. अशात एक दिवस अनया आली. अनया माझ्या मैत्रिणीची मुलगी, जन्म इथलाच, जनावरांची डॉक्टर. मराठी सगळं कळतं, पण भावना अनावर झाल्या की इंग्लिश.

तिनं मोठ्या अ‍ॅनिमल हॉस्पिटलमधली नोकरी सोडली होती आणि एक बारा फुटी जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर घेऊन त्यात दवाखाना थाटला होता. फक्त मांजरांचा. आत टेबल, वजनकाटा, दिवा, आणि बाहेर दारावर तिनंच रंगवलेलं एक जाडं मांजर.

"मावशी, मांजरांना कारमध्ये बसायला आवडत नाही. दे हेट इट. मग डॉक्टरनंच जायचं ना त्यांच्याकडे?"

"बरोबर आहे. अडचण काय?"

अडचण अशी होती. आमच्याकडून दहा मिनिटांवर निवृत्त लोकांची एक वसाहत आहे. तिथं म्हातारी माणसं आणि म्हातारी मांजरं भरपूर. तिथल्या मॅनेजर कॅरलबाईंनी अनयाला दर शनिवारची जागा द्यायची तयारी दाखवली होती. आधी एक शनिवार ट्रायल, मग पुढच्या शनिवारी वर्षाच्या करारावर सही. पण जागा कुठली, तर क्लबहाउसची भिंत आणि एक झाड यांच्या मधल्या कोपऱ्यात. अनयाचा पिकअप ट्रक ट्रेलर ओढत गेटाच्या आत जेमतेम यायचा. पुढे वळायला जागाच नाही. ट्रेलर तिथं सोडायचा आणि साठ फूट मागे ढकलत कोपऱ्यात न्यायचा. तोही नऊच्या आत, कारण नऊला आजी-आजोबांचा व्यायामाचा वर्ग त्याच वाटेनं निघतो.

"ढकलून बघितलास?"

"मी आणि डॅड. वी मूव्हड इट, लाइक, फोर इंचेस." तिचा चेहरा उतरला. "मावशी, हे स्पॉट गेलं तर आय ॲम डन. जुन्या बॉसनं सांगितलंय, ट्रायल फसली तर लगेच सोमवारी परत ये. आय डोन्ट वॉन्ट टू गो बॅक."

तिचे डोळे भरून आले आणि माझ्या अंगात एकदम पंचवीस वर्षांची विद्या शिरली. कुणीतरी माझ्याकडे मोटरचं काम घेऊन आलं होतं!

अशा कामासाठी एक यंत्र मिळतं, कॅरॅव्हॅन मूव्हर. प्रकार साधा आहे. ट्रेलरच्या दोन्ही चाकांपाशी खाली एकेक मोटर बसवायची. प्रत्येक मोटरला एक खरबरीत रोलर असतो. हातानं लिव्हर ओढला की तो टायरला घट्ट टेकतो आणि टायर फिरवतो. बॅटरी बारा व्होल्टची, आणि हातात रिमोट. त्यावर चार बटणं: पुढे, मागे, जागच्या जागी डावीकडे फीर, उजवीकडे फीर. युरोपात गल्ल्या अरुंद, म्हणून तिथं हे घरोघरी. टेक्सासात जागा इतकी पडलेली, की असलं काही असतं हेच कुणाला ठाऊक नाही. बसवून देणारा एकच माणूस सापडला, तो सॅन अँटोनियोला, दीड महिन्याचं वेटिंग, आणि मजुरी जवळजवळ मूव्हरच्याच किमतीएवढी.

"मी आहे ना," मी म्हटलं. "किट मागव. बसवते मी."

"यू शुअर, मावशी?"

"अगं, मी तुझ्या या ट्रेलरपेक्षा मोठ्या मोटर्स चालू केल्या आहेत."

सुहास स्वयंपाकघरातून ओरडला, "अनया, हो म्हण! माझे स्प्रिंकलर वाचतील!"

किट इंग्लंडहून आलं. ट्रायलच्या आदल्या बुधवारी अनयानं ट्रेलर आमच्या ड्राइव्हवेवर आणून सोडला. पहिला दिवस गेला क्लॅम्पमध्ये. किटचे क्लॅम्प इंग्लिश चॅसीच्या मापाचे, आमची चॅसी अमेरिकन, म्हणजे जाडजूड. मधे बसवायला लोखंडी पट्ट्या कापून आणल्या, भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी कळलं, की सगळे नट-बोल्ट मिलिमीटरचे. सुहासच्या चकचकीत टूलबॉक्समधले पाने सगळे इंचांचे. तेव्हा मी गॅरेजच्या माळ्यावरून माझी जुनी पिशवी काढली. नागपूरला पहिल्या नोकरीत घेतलेला पान्यांचा सेट, तीन घरं बदलली तरी मी टाकला नव्हता. सतराचा पाना नटावर बसला तेव्हा असा छान 'टक्' आवाज आला, की मी एकटीच हसले.

रोलर आणि टायर यांच्यात दोन सेंटिमीटरची फट हवी होती. मी ती पट्टीनं मोजली, मग तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा घालून बघितली, मग परत पट्टीनं. मी एवढी चोख! कोपराला ग्रीस, केसांत गंज, पाठीखाली तापलेलं काँक्रीट, आणि मी गुणगुणत होते. सुहास म्हणाला, इतकी खुश तू आपल्या लग्नातही नव्हतीस. खरं होतं ते. लग्नात माझ्या हातात पाना नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी वायरिंग झालं. तेव्हाचा संवाद वर दिलाच आहे.

आता बम्प टेस्ट. रोलर टायरपासून लांब ठेवायचे, 'पुढे' दाबायचं, दोन्ही रोलर कुठं फिरतात ते वाकून बघायचं. बस. पण अनया येऊन उभी होती. सुहासनं फोनचा कॅमेरा सुरू केला होता आणि तो ओरडत होता, "अगं चालव ना! रेकॉर्डिंग चालू आहे!" आणि मी, केकवाली विद्या, सरळ लिव्हर ओढून रोलर टायरला टेकवले.

मागे गॅरेजचं दार, पुढे फुटपाथ. सरळ चालवायला जागा नव्हती. म्हणून मी 'डावीकडे फीर' दाबलं. आणि अहो काय सांगू, तो अख्खा ट्रेलर गुरगुरत, नाक डावीकडे वळवत जागच्या जागी फिरायला लागला! 'उजवीकडे फीर' दाबलं. उजवीकडे वळला. अनया उड्या मारायला लागली. सुहास शिट्ट्या वाजवायला लागला. मी त्याला परत डावीकडे वळवला, परत उजवीकडे. दारावरचं ते जाडं मांजर आमच्याकडे वळून वळून बघत होतं. शेजारची कुत्री भुंकायला लागली तरी आम्ही थांबेनात.

"डावं-उजवं बरोबर आहे, म्हणजे वायरिंग बरोबर आहे," मी जाहीर केलं. नोकरीत असताना असं वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला साइटवरून घरी पाठवलं असतं.

शनिवारी पावणेनऊला आम्ही वसाहतीत हजर. अनयानं ट्रेलर गेटाच्या आत सोडला, शेपूट कोपऱ्याकडे, नाक गेटाकडे, आणि ट्रक बाहेर नेऊन लावला. तेवढ्यात कॅरलबाई आपली गोल्फ कार्ट घेऊन आल्या आणि ट्रेलरच्या नाकासमोर थांबल्या. कार्टवर पेटुनियाच्या रोपांचे ट्रे रचलेले. बाजूच्या बाकावर वॉल्टर नावाचे आजोबा मांडीवर पिंजरा घेऊन बसले होते. पिंजऱ्यात त्यांचा पंधरा वर्षांचा बोका, पिकल्स. अनयाचा पहिला पेशंट.

"सो, हे आपोआप जाणार?" कॅरलबाईंनी घड्याळ बघत इंग्लिशमध्ये विचारलं.

"बघाच," मी म्हटलं आणि 'मागे' दाबलं.

ट्रेलर पुढे निघाला.

मूव्हरची चाल गोगलगायीची असते. त्यामुळे अपघात होणार हे सगळ्यांना खूप आधी कळतं आणि बोलायला भरपूर वेळ मिळतो.

"मावशी, मागे!"

"मागेच म्हणून राहिली ना मी त्याला!" घाबरले की माझी नागपुरी बाहेर येते.

"विद्या, बटण सोड!"

बटण सोडलं की ट्रेलर जागेवर थांबतो. हे मी स्वतः अनयाला दोनदा शिकवलं होतं. पण मला तो मागे जायला हवा होता, म्हणून मी 'मागे' आणखी जोरात दाबून धरलं. ट्रेलर शांतपणे गोल्फ कार्टला टेकला आणि तिला पुढे ढकलू लागला. कॅरलबाई ब्रेक न लावताच उतरल्या होत्या. एक ट्रे घसरला. मग दुसरा. पेटुनिया टप टप करत खाली. कार्ट हळूहळू जाऊन कुंपणाच्या झुडपात बसली, तेव्हा कुठे माझ्या बोटाला अक्कल आली.

मग पिंजऱ्यातून पिकल्स एकदाच म्हणाला, "म्याँव."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी अनयाकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. नऊला सात मिनिटं कमी होती, आणि त्या सात मिनिटांत त्या मुलीचं सगळं अडकलं होतं.

मी गुडघ्यांवर बसून खाली वाकले. आणि मला दिसलं. दोन्ही मोटर्स चॅसीला समोरासमोर बसवलेल्या असतात, एक दुसरीची आरशातली प्रतिमा. ट्रेलर पुढे न्यायचा तर एकीला सुलटं फिरावं लागतं आणि दुसरीला उलटं. त्यांच्या वायर्सची आपसात अदलाबदल झाली तर गंमत अशी होते, की जागच्या जागी फिरणं अगदी बरोबर राहतं, फक्त पुढेचं मागे आणि मागेचं पुढे होतं. आम्ही काल नेमकं फिरवूनच बघितलं होतं.

म्हणजे ऑफसाइड डावी नव्हती.

मी खालूनच विचारलं, "सुहास, तू बॅटिंग कुठल्या हातानं करतोस?"

"डाव्या."

क्रिकेटमध्ये उजव्या हातानं खेळणाऱ्याची ऑफसाइड त्याच्या उजवीकडे असते. डावखुऱ्याची डावीकडे. आणि इंग्लंडात गाडीची ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हरची बाजू, उजवी. मॅन्युअल लिहिणारा बिचारा गाडीबद्दल बोलत होता. माझ्या नवऱ्यानं ट्रेलरला डावखुरा ओपनर करून टाकलं होतं.

"दहा मिनिटं द्या, वायर्स बदलते," मी कॅरलबाईंना म्हटलं.

"दहा मिनिटं नाहीत," कॅरलबाई पेटुनिया गोळा करत म्हणाल्या.

तेव्हा अनयानं माझ्या हातातून रिमोट घेतला. "मावशी, वेट. फक्त फॉरवर्ड आणि रिव्हर्स उलटं आहे? टर्न्स ओके?"

"हो, पण..."

"ओह, इट्स जस्ट इन्व्हर्टेड कंट्रोल्स! मी लहानपणापासून सगळे गेम्स तसेच खेळते!"

आणि तिनं 'पुढे' दाबलं. ट्रेलर मागे निघाला. ती जीभ दातांत धरून, डोळे बारीक करून त्याच्यासोबत चालत राहिली. भिंतीपाशी जरा डावीकडे, झाडापाशी जरा उजवीकडे. साठ फूट. ट्रेलर कोपऱ्यात जाऊन उभा राहिला तेव्हा भिंतीपासून वीतभर अंतर होतं. नऊला एक मिनिट कमी. वॉल्टर आजोबांनी टाळ्या वाजवल्या. व्यायामाचा वर्ग हात हलवत बाजूनं निघून गेला. अनयानं मला इतकी घट्ट मिठी मारली, की माझ्या खिशातला सतराचा पाना आम्हा दोघींना टोचला, आणि मग आम्ही जे हसत सुटलो ते थांबता थांबेना. सुहास कुंपणातून गोल्फ कार्ट ओढत होता आणि ओढता ओढता तोही हसत होता.

त्या दिवशी अनयानं अकरा मांजरं तपासली. संध्याकाळी तिनं जुन्या बॉसला फोन करून सांगितलं, सोमवारी येत नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माझं नाक कापलं गेलं होतं ना. बॅटरी चार्ज करते म्हणून मी ट्रेलर आठवडाभर आमच्याकडे ठेवून घेतला. रविवारी सकाळी, सुहास झोपलेला असताना, मी खाली शिरले, वायर्स बदलल्या आणि या खेपेला व्यवस्थित, रोलर सोडवून, बम्प टेस्ट केली. अगदी परफेक्ट. पुढे म्हणजे पुढे, मागे म्हणजे मागे. चूक मिटली, आणि ती झाली होती हेच मी विसरायचं ठरवलं. कुणाला काही बोलले नाही.

पुढच्या शनिवारी, सहीच्या दिवशी, अनया ऐटीत आली. ट्रेलर गेटाच्या आत सोडला, रिमोट हातात घेतला आणि कॅरलबाईंना म्हणाली, "वॉच धिस." ट्रेलर मागे न्यायचा, म्हणून सवयीप्रमाणे तिनं 'पुढे' दाबलं.

ट्रेलर पुढे निघाला.

कॅरलबाईंनी कार्ट आज लांब लावली होती. त्यामुळे तिची जागा स्वतः कॅरलबाईंनी घेतली. ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करून त्या उलट्या पावलांनी मागे सरकत होत्या. "अगेन?" त्या ओरडल्या. "अगेन?"

"बटण सोड!" आम्ही तिघंही ओरडलो. तिघंही म्हणजे मी, सुहास आणि वॉल्टर आजोबा.

अनयानं बटण सोडलं. ही मुलगी माझ्यापेक्षा शहाणी. मग ती सावकाश माझ्याकडे वळली. "मावशी. डिड यू फिक्स इट?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

माझ्या धंद्यातला दुसरा नियम हाच, की यंत्रात काहीही बदल केला की ते चालवणाऱ्याला आधी सांगायचं. त्यासाठी आमच्याकडे छापील फॉर्म असायचा आणि त्यावर माझी सही असायची. मी मान खाली घातली. कॅरलबाईंच्या काखेत कराराचा कागद होता, आणि आता तो फाटणार याची मला खात्री पटली. "चूक माझी आहे, दोन्ही वेळची," मी त्यांना म्हटलं. "या मुलीची नाही. कृपा करून तिच्यावर राग काढू नका."

तेव्हा माझं लक्ष हिरवळीकडे गेलं. तिथं घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. पंधरा-वीस आजी-आजोबा रांगेत बसले होते. कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या मांडीवर मांजर. गेल्या शनिवारची बातमी वॉल्टर आजोबांनी घरोघर पोचवली होती, आणि आज मंडळी आठ वाजल्यापासून जागा धरून बसली होती.

"थांबलात का?" एक आजी ओरडल्या. "आता कुठे रंगात येत होतं!"

कॅरलबाईंनी खुर्च्यांकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं, आणि त्यांना हसू आवरेना. अनयानं 'मागे' दाबून ट्रेलर मागे नेला आणि कोपऱ्यात लावला. प्रेक्षकांत थोडी निराशाच पसरली. मग ट्रेलरच्याच पायरीवर बसून कॅरलबाईंनी वर्षाच्या करारावर सही केली आणि खाली पेननं एक कलम वाढवलं: ट्रेलर हलवण्यापूर्वी रहिवाशांना पंधरा मिनिटं आधी कळवावं, म्हणजे त्यांना खुर्च्या आणता येतील.

अनया ते वाचून रडली, हसली, मग पुन्हा रडली. मी काय केलं ते सुहासला विचारा.

दवाखाना आता नीट चालला आहे आणि पिकल्स दर महिन्याला येतो. लोक मला विचारतात, असा मूव्हर घरी बसवावा का? जरूर बसवावा. पैसे वाचतात आणि मजा येते. फक्त रोलर टायरला टेकवण्याआधी दोन सेकंद बम्प टेस्ट करावी, आणि काही बदललं तर चालवणाऱ्याला सांगावं. ट्रेलरच्या कंट्रोल बॉक्सच्या झाकणावर आतून मी मार्करनं एक ओळ लिहून ठेवली आहे: 'ऑफसाइड = उजवी. सुहासला विचारू नये.'